दिगू, तुझा रंग कोणी काढायचा

दिगू, मेल्या, तुझी शोकसभा आटपून आत्ताच घरी आलोय आणि जेवण नको म्हणून सांगितलंय. सभेतल्या सामोशांना दोष देऊ नकोस, ते बरे होते. जेवण नको झालं ते तुझ्या चेहऱ्यामुळे. म्हणजे तुझा म्हणून जो चेहरा भिंतीएवढा करून आम्हाला दाखवला, त्याच्यामुळे.

कुवेतमधला, दस्मानजवळचा तोच हॉल, जिथे दर गणपतीत तू मंडळाच्या हौशी नटांना रंग लावायचास. आपल्या प्रॉडक्शनवाल्यांनी तुझ्यावर एक छोटी फिल्म केली होती, ती मंडळाने लावली. त्यासाठी मीच माझ्या कपाटातली जुनी टेप दिली होती. आपण दोघे कुवेतमध्ये नवे होतो तेव्हाची. तू विंगेत उभा आहेस, एका हातात स्पंज, दुसऱ्या हातात चहा, आणि शूटिंग करतो म्हणून मला शिव्या देतोयस. चित्र धुरकट, रंग विटलेले, कडेला टेपच्या रेघा. पण त्यात तू होतास. ओठांभोवतीचं आणि डाव्या पापणीवरचं कोड, पुढच्या दातांतली फट, कानात अडकवलेली पेन्सिल, सगळा तू.

हुसामने, आपल्या त्या इजिप्शियन एडिटरने, ती टेप कुठल्याशा सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि तिची एचडी करून आणली. एचडी कशाची करणार, कपाळाची? टेपमध्ये जे नव्हतंच ते यंत्राने आपल्या मनाने भरलं आणि जे होतं ते पुसलं. कोड गेलं. फट बुजली. गालांवर अशी तुकतुकी आली, जणू तू जन्मात कधी उन्हात उभाच राहिला नव्हतास. तो कोण माणूस तुझ्या आवाजात मला "आवशीचो घोव" म्हणत होता आणि हॉलमधले लोक डोळे पुसत होते. मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही. मी मुलीला म्हटलं, "अगं, हा दिगूकाका नाही." ती हळूच म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट एन्हान्स्ड. ही लुक्स सो गुड." सुनंदाने माझा हात दाबून धरला नसता तर मी प्रोजेक्टरची वायर ओढली असती.

सुनंदा म्हणते, लिहून काढ, नाहीतर ब्लड प्रेशर वाढेल. नर्सला बायको केली की असंच असतं, दुःखाचाही डोस ठरवून मिळतो. म्हणून लिहितोय. शिवाय आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू असा मधेच उठून गेलास. म्हणजे उठलाच नाहीस. मेकअपच्या खुर्चीत, त्या बल्बांच्या आरशासमोर बसलास तो बसलासच. बाकीचं डॉक्टरांना ठाऊक.

मला तुझी सकाळ आठवते. सबाह अल-सालेममधला भाड्याचा बंगला, रमजानच्या मालिकेचं शूटिंग, जेवणघराची केलेली मेकअप रूम. सगळे "यल्ला, यल्ला" करत धावतायत आणि तू पेटीसमोर चप्पल काढून उभा. दशावतारात खेळाआधी पेटाऱ्याची पूजा करतात, म्हणून तू तुझ्या त्या पत्र्याच्या मेकअप पेटीला हात लावून डोळे मिटायचास. उम्म बदर, इथली एवढी मोठी नटी, खुर्चीत मुकाट बसून राहायची. तुझे डोळे उघडले की ती "बिस्मिल्ला" म्हणायची आणि मान मागे टाकायची. मग तुझा स्पंज चालायचा. डायरेक्टरने एकदा घड्याळ दाखवलं, तर तिनेच त्याला झापलं. तुझं तिला सगळं चालायचं, एक सोडून. स्टुडिओच्या एसीत खोबरेल थिजायचं आणि पॅकअपच्या वेळी ते पातळ व्हावं म्हणून तू बाटली काखेत धरून फिरायचास. त्या बाटलीवरून ती नाक मुरडून तुला काय काय बोलायची. तू हसायचास आणि तेच तेल तिच्या तोंडाला लावायचास.

कारण तुझा तो नियम होता. "जेना रंग लावल्यान, तेनाच तो काढूक होयो." नटाला रंगासकट घरी पाठवणं म्हणजे तुझ्या लेखी महापाप. दशावतारात पोरसवदा असताना तू बायकांची कामं करायचास. पहाटे खेळ संपला की रंग लावणारा म्हातारा तुम्हा सगळ्यांना ओळीने बसवून खोबरेलाने तोंडं पुसायचा, मगच घरी सोडायचा. म्हणायचा, रंगातला माणूस घरी गेला की घरचे त्याला ओळखत नाहीत आणि तोही घरच्यांना ओळखत नाही. तू ते इथे वाळवंटात आणलंस. कितीही उशीर होवो, तू उम्म बदरचं तोंड स्वतः पुसायचास, कापसाने, कपाळापासून खाली. ती अर्धी झोपेत असायची. त्यामुळे तुझ्या हातांना कायम खोबरेलाचा वास. गाडीत तू शेजारी बसलास की काच खाली करायला लागायची मला.

मग एचडी आलं. आणि आणणाऱ्यांत मी होतो, ते नाकारत नाही. कॅमेरामन माणूस, नवा कॅमेरा म्हटला की माझी लाळ गळते. पहिल्या दिवशी काळ्या कापडाच्या तंबूत तो मोठा मॉनिटर लावला आणि मी सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होतो. खिडकीवर बसलेली माशी दिसते बघा. तिचे पाय दिसतात!

तू नेहमीसारखा उम्म बदरला पॅनकेकचा जाड लेप लावलास. नेहमीसारखा खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलास आणि एक डोळा मिटून पाहिलंस. देवळापुढच्या मांडवात शेवटच्या माणसाला चेहरा कसा दिसेल, हे पाहायची तुझी रीत. लांबून ठीक दिसलं, तू मान हलवलीस. तीच चूक झाली. कारण आता बघणारा लांब बसलाच नव्हता. तो तिच्या नाकावर बसला होता.

मॉनिटरवर उम्म बदरचं तोंड सारवलेल्या भिंतीसारखं दिसलं. कपाळाला टोपाची जाळी दिसली. मागचा संगमरवरी खांब प्लायवूडचा आहे हे दिसलं, त्यावर रंगाऱ्याच्या ब्रशचे केससुद्धा दिसले. तो नवा डायरेक्टर मोठ्याने हसला. मॉनिटरवरच्या त्वचेच्या छिद्रांना बोट लावून म्हणाला, "पोअर्स! लुक ॲट द पोअर्स!" जणू बाईंच्या तोंडावर झुरळ चालत होतं. उम्म बदर उठून तंबूत आली. स्वतःला बघितलं. मग हळू म्हणाली, "हाझा मू वेही." हा माझा चेहरा नव्हे.

तू तिला परत खुर्चीत बसवलंस. तेलाने सगळं पुसलंस आणि नुसतं बोटाने जरासं काही लावलंस. मला तेव्हा वाटलं, ती छान दिसतेय. खरी, वयाची, दोन मुलं वाढवलेली बाई. मालिकेत ती आईच होती की! पण डायरेक्टरला सुरकुत्या दिसल्या. तुझा अपमान सगळ्या सेटसमोर झाला आणि तू पेटी बंद करून बाहेर जाऊन बसलास. मी आलो तर म्हणालास, "माणसाक इतक्या जवळसून कोण बघता रे? आवस बघता, बायल बघता, नायतर डॉक्टर. ह्यो कोण लागून गेलो?"

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं ते आजतागायत. मी म्हणायचो, जास्त दिसलं म्हणजे जास्त खरं. कॅमेरा खोटं बोलत नाही. तू म्हणायचास, "सगळा दिसला म्हणजे खरा दिसला असा नाय, विन्या." दर शुक्रवारी बनेद अल-गारच्या तुझ्या त्या खोलीत, कोकणातल्या इलेक्ट्रिशियनांच्या गर्दीत, झुबैदी तळता तळता हे चालायचं. मासा कढईत आणि एचडी आपल्या तोंडात. ती पोरं कंटाळून म्हणायची, "दिगूभाऊ, आधी वाढा, मगे भांडा."

तू सगळं बरोबर बोललास असं मात्र समजू नकोस. तू म्हणाला होतास, "ह्या दोन वर्सात खलास जातला, लोक कंटाळतले." कोण कंटाळलं? एचडी गेलं, त्याच्या दुप्पट आलं, त्याच्या चौपट आलं. शिवाय तू स्वतः खोलीत केवढा मोठा एचडी टीव्ही आणून लावलास! का, तर क्रिकेटमध्ये बोलरचा घाम दिसतो. मी पकडलं तुला, तर म्हणतोस, घाम वेगळा आणि सुरकुत्या वेगळ्या. हट्टी होतास तू. मोडेन पण वाकणार नाही, असा. नवीन सामान शिक म्हणून मी डोकं फोडलं, तर तू पॅनकेकच्या डब्या कुठून कुठून मागवून साठवत बसलास. ॲना, ती फिलिपिनो पोरगी, एअरब्रश घेऊन आली तेव्हा तू तिच्या त्या यंत्राला 'पंप' म्हणालास आणि तिला आंब्यावर फवारणी करायला देवगडला जा म्हणून सांगितलंस. ती बिचारी हसली, तिला काही कळलं नव्हतं. हळूहळू मोठे चेहरे तिच्याकडे गेले आणि तुझ्याकडे उरले दरवान, ड्रायव्हर, गर्दीतले म्हातारे. तरी पोरगी तुला "बाबा" म्हणायची आणि जेवायला तुझ्याच शेजारी बसायची. तुझ्याशी वाद घालायला मला कितीही आवडत असलं तरी हे लिहून ठेवतो की तिने तुझा मान राखला.

पण मुख्य मुद्द्यात तू जिंकलास, दिगू. तू ऐकायला नाहीस तेव्हा कबूल करतोय, हेही तुझ्या नशिबी. मला वाटलं होतं, कॅमेऱ्याला सगळं दिसायला लागलं की माणसं खरी होतील. झालं उलटंच. सगळं दिसतं म्हटल्यावर सगळ्यांनी सगळं झाकायला सुरुवात केली. आधी पावडर, मग पंप, मग सुया. पुढच्या रमजानच्या शूटिंगला उम्म बदर आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. गाल टम्म, कपाळ ताठ, ओठ चावलेल्यासारखे सुजलेले. मुलगा परदेशी निघतो आणि आई रडते असा सीन होता. बाई कसलेली नटी, डोळ्यांतून पाणी खळखळा आलं. पण चेहरा जागचा हलला नाही. ना भुवई, ना हनुवटी. मी क्लोजअप घेत होतो आणि डायरेक्टर मागून म्हणत होता, "क्लीन, व्हेरी क्लीन." तू माझ्यामागे येऊन उभा राहिलास, मॉनिटरकडे बघितलंस आणि कानात म्हणालास, "रडता कोण रे ह्यात?"

मला त्या दिवशी माझ्या धंद्याची पहिल्यांदा किळस आली. आता तर ती रोजची झालीय. वीस वर्षांच्या पोरी सुजलेले ओठ घेऊन ऑडिशनला येतात. त्यावर आम्ही एअरब्रश मारतो, त्यावर मी लेन्सला मऊ फिल्टर लावतो, त्यावर हुसाम एडिटिंगमध्ये त्वचा घासून घासून गुळगुळीत करतो. एवढा महागाचा कॅमेरा घ्यायचा, त्याने माशीचे पाय दिसले पाहिजेत, आणि मग दिसलेलं सगळं पुसायला चार माणसं ठेवायची! तुझ्या भाषेत सांगायचं तर, आवळा देऊन कोहळा काढणं राहिलं बाजूला, कोहळा देऊन सालपट घेतलं आम्ही. आणि रंग काढायची गोष्टच नको. पॅकअप झालं की ओल्या पुसण्यांचं पाकीट हातात देतात आणि ज्याने त्याने आपलं तोंड गाडीत पुसायचं.

आता तुझ्या चेहऱ्याकडे येतो. गावाहून सुगंधावहिनींचा फोन तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. मी कागदपत्रं, तिकीट, शवपेटी काय काय सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भावजी, एक सांगतंय. तेंचा तोंड रंगवून धाडू नकात. आमच्या वाडीत गेल्या वर्सा असोच एक गल्फातसून इलो, बावल्यासारखो. आवशीन वळाकल्यानच नाय. अजून ती दारात बसता, झील येतलो म्हणान."

मी म्हटलं, असं काही होणार नाही, वहिनी.

त्या म्हणाल्या, "ह्यांनी लगनाक सुदा रंग लावूक नाय."

ती गोष्ट मला ठाऊक होती. तूच मासे साफ करता करता सांगितली होतीस. मुलगी बघायला निघालास तेव्हा तुझ्या मामाने आणि दशावतार कंपनीतल्या नटांनी मिळून तुझं कोड पॅनकेकने बेमालूम झाकलं होतं. त्यांचा हातखंडाच तो. चहापोहे झाले, मुलगी आत गेली, बोलणी जमत आली. आणि तू उठून समोरच्या कोनाड्यातली तेलाची बाटली घेतलीस, पंच्याने तोंड खसाखसा पुसलंस आणि सगळ्यांपुढे म्हणालास, "ह्यो असो आसंय. बघून घेवा." मामाने कपाळावर हात मारला. आतून कोणीतरी फिस्सकन हसलं. ती हसणारी सुगंधावहिनी. म्हणून मला त्यांनी फोनवर एवढंच मागितल्याचं नवल वाटलं नाही. तुझा उघडा चेहरा बघून त्यांनी तुला पत्करलं होतं, तोच चेहरा त्यांना परत हवा होता.

मी प्रॉडक्शनच्या मॅनेजरला तसं सांगितलं. तो म्हणाला, "शुअर, शुअर, हबीबी." आणि मी विश्वास ठेवला. एवढी वर्षं या धंद्यात काढून!

शवपेटी बंद करायच्या दिवशी सकाळी सुनंदा आणि मी शवागारात पोचलो. शेवटची आंघोळ काही आपल्या पद्धतीने होत नाही इथे, निदान केसांना तेल लावू म्हणून तिने तुझ्या मेकअप पेटीतली खोबरेलाची बाटली पिशवीत घातली होती. दार उघडलं तर आत कॅमेरा. स्टँडवर, आपलाच, माझाच. शेजारी गोल दिवा. जे शूटिंगमुळे येऊ शकले नाहीत त्या युनिटच्या लोकांना शेवटचं दर्शन म्हणून लाइव्ह चाललं होतं. आणि मधे तू. पीच रंगाचा. डाग नाहीत, पापणी एकसारखी, ओठांना हलकी लाली. पंपाने तुझ्या तोंडावर फवारणी केली होती, दिगू. तुझ्या! मॅनेजर हळू आवाजात मला म्हणाला, "सी? लाइक अ स्टार. तुम्ही क्लोजअप घ्या ना, तुमच्याइतका त्याचा चेहरा कोणाला ठाऊक?"

मी त्याला काय बोललो ते सुनंदाच्या समोर परत उच्चारता येणार नाही. त्यातलं निम्मं मालवणी होतं, तुझ्याकडून शिकलेलं, आणि ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या तोंडी नीट बसलं. मी दिवा विझवला. कॅमेऱ्यावर माझी टोपी घातली. मॅनेजर बडबडत बाहेर गेला, त्याच्यामागून बाकीचे.

ॲना कोपऱ्यात आपली बॅग भरत होती. तिनेच रंग लावला होता. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. शवागाराचा माणूस पेटीचं झाकण घेऊन उभा होता, विमानाची वेळ ठरलेली. त्याने विचारलं, "भाई, बंद करें?" मी म्हटलं, "रुको." सुनंदाने बाटली काढली. तिथल्या गारठ्यात खोबरेल पार दगड झालं होतं. मी ती उलटी करून आपटत होतो, थेंब पडेना.

तेवढ्यात ॲना पुढे आली. माझ्या हातातून बाटली घेतली आणि काखेत धरली. तशीच उभी राहिली, मान खाली घालून, तुझ्यासारखी. सुनंदाला हुंदका आला. मी म्हटलं, "मी काढतो, तू जा." तिने मान हलवली. "नो सर. आय पुट, आय रिमूव्ह. बाबा रूल."

तेल सुटलं. तिने कापूस घेतला. कपाळापासून खाली. मी माझ्या फोनचा टॉर्च धरला, कारण मोठा दिवा मीच विझवून बसलो होतो. तेवढ्या उजेडात तिचा हात चालत होता. कापूस पीच व्हायचा, ती दुसरा घ्यायची. आधी कपाळावरची आठी आली. मग पापणीवरचा डाग. मग ओठांभोवतीचं पांढरं, एकेक बेट वर यावं तसं. ओठ तिने सर्वांत शेवटी पुसले. मी तुला एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं, दिगू. कॅमेऱ्यातूनसुद्धा नाही. गालावर एक बारीक व्रण आहे तुझ्या, मला माहीतच नव्हता. तो कशाचा, हे आता कोणाला विचारू?

फोन हातातच होता. एक बोट सरकवलं असतं तर कॅमेरा चालू झाला असता. नाही केला. सुनंदाने उरलेलं तेल तुझ्या केसांना लावलं. ॲनाने तुझ्या हनुवटीखाली शेवटचा कापूस फिरवला आणि मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, एक डोळा मिटून, तुझ्याकडे बघितलं. मान हलवली. झाकण बसलं.

एवढं सगळं झाल्यावर आज त्या हॉलमध्ये तो तुकतुकीत कोणीतरी बघायला लागला, म्हणून हा संताप. हुसामला उद्या सांगणार आहे, माझी मूळ टेप परत दे. रेघांसकट, धुरासकट, तुझ्या शिव्यांसकट. तो देईल. वाईट नाही तो, त्याला सगळं स्वच्छ करायची सवय लागलीय एवढंच. आणि एचडी आणलं म्हणून तू मला कधी कानाखाली काढली नाहीस, भांडलास पण शुक्रवार कधी चुकवला नाहीस, माझ्या मुलीच्या बारशाला सुनंदाच्या थकलेल्या चेहऱ्याला हात न लावता "काय लावूक नको, अशीच बरी दिसता" म्हणालास, त्याचं काय करू मी? ते कुठल्या फॉर्मॅटमध्ये ठेवू?

लिहिता लिहिता मधे वहिनींचा फोन येऊन गेला. घरचं सगळं आटपलं होतं. आवाज बसला होता, पण बोलत होत्या. म्हणाल्या, "पेटी उघडली भावजी, तर आधी औषधाचोच वास. माका धीर होय नाय. मगे वाकान तोंडाकडे गेलंय, तर खोबरेलाचो वास इलो. रजेवर येत तेव्हा ह्यांच्या हातांका येय, तोच वास. तोंडार रंगाचो टिपूस नाय. मी म्हटलंय, ह्यांनीच आपला तोंड पुसल्यानी."

मी म्हटलं, हो वहिनी.